तळघरातलं पाचवं मत

आडनाव विचारलं की नेमका ज्याला खोकला येतो, असा मराठी माणूस तुमच्या ओळखीत आहे का? असला तर त्याच्याबद्दल तुम्ही मनात काय ठरवून टाकलं आहे, ते आधी स्वतःशी कबूल करा. मीही ठरवून टाकलं होतं.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या एका दुकानामागे छापखाना होता. पुढे काचेत जरीचे पदर, मागे शाईचा वास. इथल्या आपल्या लोकांच्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळांच्या स्मरणिका तिथे छापल्या जायच्या. मी कॉम्प्युटरवर देवनागरी मजकूर जुळवायची. आणि ज्यांना आडनाव विचारलं की खोकला यायचा, ते मागे मशीन चालवायचे. साठीला टेकलेले, उंच, हाताची बोटं लांब आणि कायम काळी. मी त्यांना काका म्हणायची, ते मला पोरी म्हणायचे.

एकदा नेपरव्हिलहून, म्हणजे शिकागोच्या उपनगरातून, एक काकू मुलाची पत्रिका घेऊन आल्या. निमंत्रकांची नावं चाळीस. त्यात इंडियातले मामा, दुबईतले दीर, आणि 'आमच्या मोठ्या जाऊबाईंचं नाव वरती नको, पण अगदी खाली पण नको' अशी सूचना. काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "काकू, एवढी नावं घातली तर नवरा-नवरी कुठं घालू?"

काकू हसल्या नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही कुठले हो? आडनाव काय म्हणालात?"

काकांना खोकला आला. पाणी प्यायले. परत खोकले. मग म्हणाले, "प्रूफ ओलं आहे, बोट लावू नका."

काकू गेल्यावर मला म्हणाले, "नाव सोडा, काम बघा." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. मशीन बिघडलं, मालक चिडले, गिऱ्हाइकानं हुज्जत घातली, की हेच. माझ्या कानाला ते पळवाटेसारखं वाटायचं.

माझं सांगते, म्हणजे माझ्या संशयाचं मूळ कळेल. मी सोलापूरच्या एका वस्तीत वाढले. बाबा शाळामास्तर. पगारातून पत्रकं छापायचे आणि सायकलवरून वाटायचे. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. 'हे काम आमचं नाही', 'मेलेलं ढोर ओढू नका', 'हलगी टाका, पाटी धरा'. आमच्या घरात कुणी टेबलावर बोटांनी ताल धरला तरी बाबा मान वर करून बघायचे. भावानं मला अमेरिकेत बोलावून घेतलं तेव्हा बॅगेत पापडांपेक्षा पत्रकंच जास्त होती. अशा मुलीला, आपल्यातलाच वाटणारा पण आडनाव लपवणारा माणूस दिसला की ती दोनच गोष्टी समजते. एक तर हा घाबरट आहे, नाही तर पलीकडच्यांचा, वरच्या जातवाल्यांचा, माणूस आहे. काकांच्या बाबतीत मी दोन्ही संशय एकदमच बाळगले होते.

इथल्या आमच्या वस्त्यांतून आलेल्या लोकांच्या रविवारच्या अभ्यासमंडळात ते एकदाच आले. दाराजवळच्या खुर्चीत बसले. ओळख करून द्यायची वेळ त्यांच्यापर्यंत आली आणि खोकला सुरू झाला. आमचे नागपूरचे एक इंजिनियर माझ्या कानात म्हणाले, "यार, याला कोणी पाठवलं?" मी म्हटलं, "लक्ष ठेवते." आणि खरंच ठेवलं. काका इंग्लंडमध्ये बारा वर्षं लोकरीच्या गिरणीत होते, एवढं मालकांकडून कळलं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत. जेवताना त्यांची बोटं डब्याच्या झाकणावर चालायची, आणि मी बघितलं की थांबायची. तेही मी नोंदवून ठेवलं.

मग ते काम आलं.

शिकागोतली एक छोटी कंपनी जुन्या, विसरलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डी सीडीवर पुन्हा काढायची. त्यांना सीडीच्या डबीत घालायची सोळा पानी पुस्तिका छापून हवी होती. आम्ही पत्रिकावाले. असलं काम आमच्याकडे कधीच येत नसे. मी मालकांना विचारलं, "हे आपल्याकडे कसं आलं?" मालक म्हणाले, "काकांनी फोन करून आणलं. स्वस्तात करून देऊ म्हणाले. मला पण आश्चर्य वाटलं."

मला आश्चर्य वाटलं नाही. मला वाटलं, सापडले काका, यात काही तरी डाव आहे.

पुस्तिकेचा मजकूर मीच जुळवला, त्यामुळे तो बँड मला पाठ झाला. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरातला, सत्तरच्या दशकाच्या शेवटचा. चार जण. दोघे बेकार, एक चित्रकलेच्या शाळेतून काढून टाकलेला, आणि गाणारी मुलगी दिवसा इस्पितळात नर्स. आधीच्या पंक बँडांचा आरडाओरडा ओसरला होता. यांनी त्याच वाद्यांतून काही तरी रुक्ष, कोरडं, हाडं मोजल्यासारखं संगीत काढलं. गिटार सुरांसाठी नाही, ओरखड्यांसाठी. पहिली छोटी रेकॉर्ड चर्चच्या हॉलमध्ये केली. दुसरी, मोठी, त्यांच्याच तळघरात एका आठवड्यात. तिचं वेष्टण काळं, वर अक्षर नाही, फोटो नाही, कुणाचं नाव नाही. आत गाण्यांच्या शब्दांऐवजी घरभाडं, संप आणि पोलिसांबद्दल छापील पत्रक. तिसरीच्या वेळी मोठ्या कंपनीनं पैसे लावले, फोटो मागितले, ढोल जाऊन मशीनचा ठोका आला, आणि अर्ध्यात भांडण होऊन सगळे पांगले. तिसरी रेकॉर्ड कधी पुरी झालीच नाही.

मला हे लोक आवडले, हे कबूल करते. एक तर पत्रक छापणारे. दुसरं म्हणजे ते प्रत्येक गोष्टीवर मतदान घ्यायचे, चहात साखर किती यावरसुद्धा.

सहाव्या पानावर लेखक त्या तळघरातल्या रेकॉर्डबद्दल अगदी रंगून लिहीत होता. दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटांचं एक गाणं आहे. त्यात एक ढोल सुरुवातीला कडाडतो आणि मग हळूहळू त्याचा आवाज खाली खाली उतरत जातो, जणू कुणाचा तरी जीव चालला आहे. मध्ये तो गप्प होतो. मग परत येतो तो पहिल्यासारखा उंच. लेखकाचं म्हणणं, ही टेपची करामत. टेप सावकाश करत नेली आणि मग बदलली. त्या काळातलं हे सर्वांत धाडसी तंत्र, वगैरे.

काका माझ्या मागे उभे होते. शाईचं बोट त्यांनी पडद्याला लावलं. गिऱ्हाइकाला 'बोट लावू नका' म्हणणारा माणूस.

"ही ओळ खोटी आहे," ते म्हणाले. "टेप-बिप काही नाही. ती हलगी आहे. मी वाजवलीय."

मी खुर्ची फिरवली. "काय वाजवलंत?"

"हलगी. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. आवाजाची तक्रार करायला खाली गेलो. म्हटलं, वाजवायचं तर वाजवा, पण तुमचा ढोलवाला दर चौथ्या ठोक्याला घसरतोय. ती नर्स पोरगी म्हणाली, मग तुम्ही दाखवा."

"आणि हलगी आली कुठून? इंग्लंडच्या झाडाला लागली होती?"

"पिंपाच्या पट्टीचं कडं केलं. गिरणीत लोखंडाला काय तोटा. कातडं पाकिस्तानी खाटकाकडनं, बकऱ्याचं. आधीच केलेली होती. खोलीत एकटा वाजवायचो, उशी ठेवून."

मी विश्वास ठेवायला हवा होता. एवढा बारकावा खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही. पण मला विश्वासाच्या आधी राग आला. माझ्या बाबांनी ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर पत्रकं वाटली तेच हा माणूस मला अभिमानानं सांगत होता.

"काका, लोकांनी गावकीचं वाजवणं सोडलं, मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडे जाऊन गोऱ्यांपुढे तेच वाजवलंत?"

त्यांनी रोलर पुसायला घेतला. मग म्हणाले, "गावात सांगावा यायचा. आला की निघायचं. ताप असू दे, घरात मयत असू दे. माझी बहीण गेली त्या दिवशी माझ्या बापानं पाटलाच्या बैलापुढं वाजवलं. मी गाव सोडलं ते त्या दिवशी. त्या तळघरात त्या पोरीनं विचारलं, वाजवाल का? असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. नाही म्हणायची सोय होती, पोरी. म्हणून हो म्हणालो."

हे वाक्य आज मला पाठ आहे. तेव्हा मी म्हणाले, "बोलायला छान आहे. पुरावा?"

"रेकॉर्ड आहे घरी. ऐक."

"रेकॉर्डवर तुमचं नाव आहे?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

त्यांना नाव नको होतं. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्यांना त्या ओळीतून टेपची करामत काढून एक शब्द घालून हवा होता, 'हलगी'. बस. त्यांनी कंपनीला फोन केला होता. तिथला तरुण सभ्यपणे म्हणाला होता की असे फोन पुष्कळ येतात. म्हणून काम आपल्या छापखान्यात ओढून आणलं. मी म्हटलं, "तुम्ही मशीनवर आहात, बदलून टाका की." ते दचकलेच. "दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा नसतो," म्हणाले. "तो प्रूफ बघायला येईल शुक्रवारी. तू मजकूर जुळवलास. तू फक्त विचार, ही ओळ बरोबर आहे का? मशीनवाल्यानं विचारलं तर हसेल तो. तुला उत्तर देईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड आणून माझ्या टेबलावर ठेवली. काळी, कोरी. मी ती खणात सरकवली. वेळ नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती ऐकायचीच नव्हती. खोटी निघाली असती तर प्रश्नच नव्हता. खरी निघाली असती तर मला बाबांना काय लिहावं ते कळलं नसतं.

शुक्रवारी तो तरुण आला. काळं जाकीट, एका कानात डूल, हातात कॉफी. पुस्तिका त्यानंच लिहिली होती. त्यानं प्रूफ पान पान करून वाचलं, सहाव्या पानावर स्वतःशीच हसला. काकांनी मशीन बंद केलं.  ते फडक्याला हात पुसत दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले.

तो म्हणाला, "ग्रेट. एनी करेक्शन्स फ्रॉम युअर साइड?"

मी सहाव्या पानाकडे बघितलं. काकांकडे बघितलं. आणि म्हणाले, "नो."

त्यानं सही केली. काका आत गेले. मशीन सुरू झालं. त्यांच्या हातानं ती ओळ छापली गेली, एकेक प्रत, संध्याकाळपर्यंत. छपाई उत्तम झाली होती. कुठे शाई पसरली नाही, कुठे अक्षर पुसट नाही.

आता थोडं माझ्या पुराव्याच्या हट्टाबद्दल. त्याच आठवड्यात मी एका पत्रिकेत एका नवरदेवाच्या नावापुढे 'व्हाइस प्रेसिडेंट' जुळवलं होतं, आणि तो क्युपर्टिनोत सहा महिने बेंचवर, म्हणजे कामाविना, बसून होता हे मला त्याच्या आईनंच सांगितलं होतं. छापलेलं खोटं मी रोज टाइप करत होते. तरी एका माणसाकडून मागायचा तो छापील पुरावाच, असं माझं चाललं होतं.

पुस्तिका गेल्यावर दहाएक दिवसांनी खण उघडला तर रेकॉर्ड तशीच. काकांनी परत मागितली नव्हती. ती मी जवळच्या कॉलेजच्या लायब्ररीत नेली. तिथे कानाला लावायचे मोठे हेडफोन होते. दुसरी बाजू लावली.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मला कळलं. सोलापूरच्या कुठल्याही वस्तीतल्या मुलीला कळलं असतं. जाड टिपरूचा एक घाव आणि बारीक काडीचे तीन, कड्याच्या अगदी काठावर. मग आवाज उतरायला लागला. टेप सावकाश केली असती तर ताल पण सावकाश झाला असता की नाही? ताल जागचा हलत नव्हता. हलत होतं ते कातडं. तळघरातल्या ओलीनं हलगी सैल पडत होती. मध्ये ती थांबली. गिटार आणि त्या नर्सचा आवाज चालू राहिला, दीडएक मिनिट. आणि त्याच्याखाली, अगदी मागे, कुणी तरी बोटानं कातडं तपासत होतं. टप्. थोड्या वेळानं टक्. आणखी थोड्या वेळानं टण्. आमच्या वस्तीत वरातीत हलगीवाले असेच थांबायचे, रस्त्यात कागदाचा जाळ करायचे, हलगी शेकायचे, बोट मारून बघायचे. तो जाळ पुष्कळदा माझ्या बाबांच्या न वाटलेल्या पत्रकांचा असायचा. बाबा खिडकीतून बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

टण् झालं आणि हलगी परत आली. मी हेडफोन लावून लायब्ररीत रडले. शेजारच्या चिनी मुलीनं टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला.

छापखान्यात पळत गेले. काका पत्रिकांना घड्या घालत होते.

"काका, ऐकलं."

"बरं."

"शेकलीत ना मध्ये? कशावर?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. "त्यांचा विजेचा हीटर होता, एका दांडीचा. पायाशी ठेवलेला. मी म्हटलं थांबूया, नीट शेकतो, परत करूया. त्यांनी मतदान घेतलं. ठरलं, थांबायचं नाही, जे होईल ते रेकॉर्ड होऊ दे."

"मी चुकले. मी आता लिहिते. पत्रक काढते, तुमच्या नावासकट. सगळ्या मंडळांत वाटते. त्या कंपनीच्या दारात वाटते."

"नाव नको."

"का? किती दिवस घाबरणार?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. बँडात चौघे. मतं दोन-दोन पडायची आणि काहीच ठरायचं नाही. म्हणून त्यांनी वरच्या भाडेकरूला पाचवं मत दिलं. दोन-दोन झालं की सगळे त्याच्याकडे बघायचे. काळ्या वेष्टणावर नावं घालायची की नाही, यावर दोघे हो म्हणाले, दोघे नाही.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, नाही." त्यांनी घडीवर नख ओढलं. "नावं घातली असती तर माझंही घातलं असतं त्यांनी. पुरं, आडनावासकट. चांगली पोरं होती. मला वाटलं, हे एक काम तरी असू दे, जे बघून कुणी मला विचारणार नाही, तुम्ही कुठले."

म्हणजे स्वतःचा पुरावा त्यांनी स्वतःच्याच मतानं मिटवला होता. आणि सीडीच्या पुस्तिकेत आता चौघांची नावं ठळक छापून आली होती. पाचव्या मताला कुणी विचारलं नव्हतं.

मी कंपनीला पत्र लिहिलं, नावाशिवाय. चार पानं, इंग्रजीत, प्रत्येक टप् आणि टण् मिनिट-सेकंदासह. त्या तरुणाचं पोस्टकार्ड आलं. फार इंटरेस्टिंग आहे, म्हणाला. काही डॉक्युमेंटेशन आहे का?

काकांनी पोस्टकार्ड वाचलं आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं हसले. एकदाही टोचून बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते टेक्सासला मुलीकडे गेले, शुगर लँडला. गुडघे गेले होते, मशीनपाशी उभं राहवत नव्हतं. फोनवर म्हणायचे, "इथं ऊन असं आहे की हलगी शेकायला नको. पण वाजवतो कोण, शेजारी पोलीस बोलावतील." मी म्हणायची, वाजवा, मी येते जामिनाला. मी मात्र कधी गेले नाही.

एका रविवारी त्यांच्या मुलीनं फोन उचलला. डॅड झोपेतच गेले म्हणाली, दोन आठवडे झाले. तिला माझा नंबर कुठे असतो ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्यांची रेकॉर्ड माझ्याकडेच राहिली आहे. ती म्हणाली, "व्हॉट रेकॉर्ड? डॅड नेव्हर इव्हन लिसन्ड टु म्युझिक." मी तिला सगळं सांगितलं.  मग ती मराठीत, अडखळत म्हणाली, "ताई, मला पाठवाल ती?"

मी पाठवली. माझ्याजवळ आता फक्त सीडी आहे, ती खोटी ओळ असलेली.

त्याच छपाईच्या प्रती तुमच्या गावातल्या सीडीच्या दुकानांत आहेत. जुन्या मालाच्या खोक्यात तर नक्की सापडतील. काळी डबी, वर एकही अक्षर नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी ते अकरा मिनिटांचं गाणं ऐका, आणि ऐकताना जवळ कुणी सोलापूर-सांगलीकडचं माणूस असलं तर त्यालाही ऐकवा. मग सहावं पान उघडा, टेपबद्दलची ओळ पेनानं खोडा, आणि तिच्या वर देवनागरीत एवढंच लिहा: हलगी. त्यांचं नाव मला विचारू नका. पुस्तिका डबीत परत घाला, आणि डबी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका.